फ्लोराताईंचा चारचा आकडा

फ्लोराताई रोहेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या सूट घातलेल्या एका उंच इंग्रज साहेबांना ‘बरोबरी’ हा शब्द उच्चारायला शिकवत होत्या. साहेब ‘बॅरोबॅरी’च्या पुढे सरकत नव्हते आणि ताई त्यांना सोडत नव्हत्या. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये टायरच्या गोदामाला लागून असलेल्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. नागपूरहून येऊन मला जेमतेम एक हिवाळा झाला होता, अंगावर दोन स्वेटर होते आणि प्रत्येक इंग्रजी वाक्य मी आधी मनात जुळवत होते.

“तू नागपूरची ना गं?” ताईंनी एकदम मराठीत विचारलं. मी मान हलवली.

“मग एकोणऐंशी लिहून दाखव.”

मी लिहिलं. मग एकोणसत्तर सांगितलं, मग एकोणनव्वद. तिन्ही बरोबर आल्यावर ताई साहेबांकडे वळून म्हणाल्या, “शी विल डू.” त्यानंतर साहेबांनी मला डेटाबेसबद्दल जे काही विचारलं ते केवळ रीत म्हणून. आज मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळातल्या नव्या इंजिनियर पोरांना एकोणनव्वद विचारलं की ती मोबाइल काढतात. त्या दिवशी ताईंसमोर ती मुलं असती तर विमानतळावरूनच परत गेली असती.

या जानेवारीत ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. निदान आपण सगळे तसं समजतो. ताईंचं म्हणणं वेगळं आहे. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो, पण नोंदीत तो सुरू झाला त्याच वर्षाचा धरतात. “अंतिम सामना होईपर्यंत जुनंच वर्ष चालू असतं. तोवर मी चौऱ्याहत्तरचीच,” असं सांगून त्यांनी आपल्या सत्कार समितीला दारातूनच परत पाठवलं होतं. अंतिम सामना झाला, दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः फोन करून “आता या” म्हटलं, आणि म्हणून हा गौरवग्रंथ जरा उशिरा निघतो आहे. उशिराचा दोष संपादकांना देऊ नये.

ज्यांना ताईंचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची कंपनी खेळांच्या नोंदींची पुस्तकं काढायची. वर्तमानपत्रवाले, टीव्हीवाले आणि पबमध्ये पैजा लावणारे रिकामटेकडे, सगळे ती घ्यायचे. क्रिकेट आणि इथला फुटबॉल सांभाळायला माणसांची रांग असे. अमेरिकन फुटबॉलची पानं मात्र कुणालाच नको होती, कारण तो खेळ इथल्या साहेबांना हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की वाटायचा. ऐंशीच्या दशकात इकडच्या टीव्हीवर तो दिसू लागला, पुस्तकात त्याची पानं घालायची ठरली, आणि हिशेबखात्यातल्या फ्लोराताईंनी हात वर केला. कोणता संघ कोणत्या हंगामात किती जिंकला, किती हरला, कितीदा बरोबरीत सुटला, आपल्या विभागात कितवा आला, तो विभाग आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे सगळं त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सांभाळलं. सामने रविवारी असतात याचं त्यांना फार कौतुक. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी त्या कामाला हात लावत नाहीत. “देवानं हा खेळ माझी सोय बघून रविवारी ठेवलाय,” असं त्या म्हणतात.

ताई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून मुंबईला आलेल्या आपल्या मराठी ज्यू समाजातल्या. मूळ गाव रोहे, वाढल्या भायखळ्यात, लग्न होऊन लंडनला आल्या आणि यजमान गेल्यावर मेडनहेडला स्थिरावल्या. त्यांच्या समाजातली इथली नवी पिढी इंग्रजीच बोलते. ताईंचा हिशेब सरळ आहे: प्रार्थना हिब्रूत, कौन्सिलशी पत्रव्यवहार इंग्रजीत आणि भांडण मराठीत.

आकडेही मराठीतच. आमच्याकडे पडताळणीची रीत अशी होती की एकानं छापील पान मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ नोंदीशी ताडून बघायचं. इंग्रजीत वाचताना ‘थर्टीन’चं ‘थर्टी’ आणि ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ व्हायचं, त्यातून ताईंना एका कानानं कमी ऐकू येतं. म्हणून मी आल्यापासून आम्ही दोघी मराठीत वाचू लागलो. आमच्या शेजारी बसून टायपिंग करणारी ग्वेन ही वेल्समधली बाई. तिला मराठीचं अक्षर वाचता येत नसलं तरी ‘जिंकले, हरले, बरोबरी’ एवढं ती अगदी ठसक्यात म्हणायची. साहेबांना मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

त्या ‘बरोबरी’साठी ताई एकदा साहेबांशी भांडल्याही होत्या. पानावर जागा कमी पडते, बरोबरीचे सामने असून असून किती असणार, तो रकानाच काढून टाकू, असं साहेबांचं मत पडलं. ताई म्हणाल्या, “सर, त्या लोकांनी तासभर चिखलात लोळून एकमेकांना जिंकू दिलं नाही, आणि तुम्ही म्हणता ते घडलंच नाही?” साहेबांनी हसून हात जोडले. रकाना राहिला, अक्षर बारीक झालं, आणि ताईंना चश्म्याचा नंबर वाढवून घ्यावा लागला.

मला हा खेळ ताईंनी एका शब्दात शिकवला. मी नवीन होते. एक पान बघताना मला दिसलं की नकाशात पार दक्षिणेला असलेलं एक शहर पूर्व विभागात घातलंय. मी घाईघाईनं ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “चूक नाही गं ती. भावकी आहे.”

मी पुन्हा नकाशा उघडला.

“विभाग म्हणजे भावकी,” ताई म्हणाल्या. “चार-पाच घरं. वर्षातून दोनदा एकमेकांशी भिडायचंच, एकदा आमच्या अंगणात, एकदा तुमच्या. बाकीच्यांशी गाठ पडली तर पडली, भावकीशी सुटका नाही. यांचं वैर जुनं म्हणून एकत्र ठेवलेत. भावकी काय नकाशा बघून ठरते?”

त्या दिवसापासून मी ‘विभाग’ हा शब्द सोडला. आमच्या ऑफिसात उत्तरेची भावकी, पश्चिमेची भावकी असंच चालायचं. ग्वेनला वाटायचं की ‘भावकी’ हा अमेरिकन शब्द आहे.

आता ताईंच्या स्वतःच्या भावकीकडे येते. ताईंनी मला लिहायची परवानगी दिली आहे, एका अटीवर: संघांची नावं छापायची नाहीत. “नाव छापलंस की नजर लागते.” म्हणून ताईंचा संघ ‘आमची मंडळी’ आणि दुसरा ‘ती मंडळी’, ताई म्हणतात तसंच लिहिते. ती मंडळी म्हणजे ताईंचे धाकटे बंधू सॉलोमन, ताईंचा सोल्या, यांचा संघ. सोलीभाऊ शिकायला अमेरिकेला गेले ते तिथलेच झाले. टीव्हीवर खेळ दिसू लागल्यावर त्यांनीच ताईंना फोनवरून नियम समजावले. सगळे नियम समजल्यावर ताईंनी लगेच सोलीभाऊंच्या संघाच्या भावकीतला दुसरा संघ धरला. भावाशी भांडायला सोयीचा, एवढंच त्यामागचं कारण. दोघांनी आपसात एक नियम केला: वर्षातल्या दोन सामन्यांनंतर हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला फोन करायचा.

ताईंचा हा भाऊ आहे हे मला कळलं ते एका वाईट दिवशी. माझे बाबा नागपूरला वारले. मला विमानाचं तिकीट मिळेपर्यंत माझ्या भावानं सगळं उरकलं होतं. मी संतापले होते, रडत होते, त्याचा फोन उचलत नव्हते. ताई संध्याकाळी स्लाऊमधल्या माझ्या खोलीवर आल्या, बूट काढून माझ्याशेजारी गालिच्यावर बसल्या. येताना त्यांनी उकडलेली अंडी आणली होती. त्यांच्यात दुःखाच्या घरी ती देतात. मग त्यांनी आपलं सांगितलं. त्यांची आई मुंबईला वारली तेव्हा ताई तिथे होत्या, सोलीभाऊ वाटेत होते. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत, लगेच दफन करायचं असतं. ताईंनी रीत पाळली. सोलीभाऊ दुसऱ्या दिवशी पोचले आणि म्हणाले, “एक दिवस थांबली असतीस.” ताई म्हणाल्या, “रीत मी केली नाही.” तेव्हापासून बोलणं बंद.

“बंद म्हणजे, अगदीच?” मी विचारलं.

“वर्षातून दोन फोन. मॅचचे. ‘अभिनंदन, सतरा-दहा.’ ‘थँक यू.’ संपलं. नियम तो नियम.” मग त्यांनी माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. “तू तुझ्या भावाला आत्ता फोन कर. मॅच लागायची वाट बघू नकोस.”

मी केला. माझा भाऊ पलीकडे माझ्याइतकाच रडत होता. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच कपबशा धूत राहिल्या. त्या दिवसासाठी मी ताईंची जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे छापून टाकते. हे ज्ञान त्यांनी स्वतःला का दिलं नाही, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण दुसऱ्याच्या घरचा गुंता पटकन सुटतो, हे आपणा सर्वांनाच ठाऊक आहे.

दोन फोनांवर का होईना, त्या भावा-बहिणीचं नातं टिकून होतं. ऑक्टोबरात एक, डिसेंबरात एक. फोनच्या दिवशी ताई इस्त्रीचं ब्लाउज घालून यायच्या, हे ग्वेननं मला दाखवून दिलं. आमची मंडळी हरली असली की त्या फोन करायच्या, जिंकली असली की फोनची वाट बघायच्या, आणि जिंकणं आवडायचं ते त्याहीसाठी, कारण मग सोल्याचा आवाज आधी ऐकू यायचा.

मग या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या त्या संघांची नव्यानं वाटणी झाली. सहा भावक्यांच्या आठ केल्या, चार-चार घरांच्या. आमची मंडळी होती तिथे राहिली. ती मंडळी उचलून नव्या दक्षिण विभागात टाकली. बातमी आली तेव्हा ताई पडताळणी करत होत्या. त्यांनी कागद वाचला, घडी केला आणि म्हणाल्या, “चला, विभक्त झालो.” आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

नव्या वाटणीचा नियम असा होता की त्या दोन संघांची गाठ दर तीन वर्षांनी एकदा नक्की पडणार. मधल्या वर्षी पडायची तर एकच वाट होती: आदल्या हंगामात दोघांनी आपापल्या विभागात सारख्याच क्रमांकावर यायचं. पहिला आला तर पहिल्याशी गाठ, चौथा आला तर चौथ्याशी. हे समजल्यावर ताई हिशेबाला लागल्या. पहिल्या हंगामात सामना नव्हता, म्हणजे फोन नव्हता. ऑक्टोबर कोरडा गेला, डिसेंबर कोरडा गेला. इस्त्रीचं ब्लाउज कपाटातच राहिलं. पण ती मंडळी नव्या घरात काही रुळली नाही. हरत हरत त्यांनी चौथा क्रमांक पक्का केला. आणि आमची मंडळी, जिला हरण्याचा सराव होताच, तीही हंगामाच्या शेवटी तळाच्या तोंडावर आली. शेवटच्या रविवारी हरली की चौथी. चौथी झाली की पुढच्या वर्षी भेट.

त्या रविवारी संध्याकाळी मी आणि ग्वेन मेडनहेडला ताईंच्या घरी होतो. ताईंनी चिवडा केला होता, पण खात कुणीच नव्हतं. आपला संघ हरावा म्हणून देवाची करुणा भाकणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आमची मंडळी पुढे गेली की ताई “अरे, कशाला!” म्हणून कळवळायच्या, आणि मागे पडली की सवयीनं “अरे, पकड!” म्हणून ओरडायच्या, मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायच्या. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा आमची मंडळी एका गुणानं मागे होती. ताईंनी डोळे मिटले. लांबून एक किक बसली. चेंडू खांबाला आपटला आणि आत पडला.

टीव्हीवरचे लोक नाचत होते.

“वर्षभर हरायला लाज वाटली नाही,” ताई म्हणाल्या, “आणि आजच शौर्य सुचलं यांना! वरातीमागून घोडं, तेही माझ्याच अंगावर.” त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आमची मंडळी तिसरी आली होती. हंगामातला तो तिचा चौथा विजय.

सोमवारी ताईंनी वार्षिक पानासाठी चिठ्ठी लिहून ग्वेनकडे दिली. फक्त विजयांचा, आणि असलाच तर बरोबरीचा, आकडा द्यायचा असे, हरलेल्या सामन्यांचा आकडा माझा प्रोग्रॅम आपोआप काढायचा. ताई ग्वेनसाठी नेहमी इंग्रजी आकडे लिहीत. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातून मराठी चार उतरला: ४. वरची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली. ग्वेननं तो इंग्रजी आठ वाचला, आठच टाइप केला, प्रोग्रॅमनं सोळातून आठ वजा केले, आणि कसेबसे चार सामने जिंकलेली आमची मंडळी पुस्तकात आठ जिंकून आठ हरली. ही चूक साऱ्या इंग्लंडात फक्त आमच्याच टेबलावर होऊ शकत होती.

पुस्तक उन्हाळ्यात बाजारात आलं. एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. ताईंच्या कानामुळे तो कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे पुढचं सगळं मी आणि ग्वेननं ऐकलं, ग्वेननं अर्थातच न कळता.

“हॅलो, रेकॉर्ड्स,” ताई म्हणाल्या.

“तुझ्या मंडळींचं पान उघड,” पलीकडून एक पुरुषी आवाज मराठीत म्हणाला. “आठ विजय? आठ? चार तर कसेबसे झाले, त्यातला शेवटचा खांबाला आपटून.”

ताईंनी टेबलाची कड धरली. “छपाईची चूक असेल.”

“छपाईची नाही. तू मराठीत चार लिहिलास. वरची टोकं चिकटवून, आई लिहायची तसा. आणि तुझ्या टायपिस्टनं आठ वाचला. खरं की नाही?”

ताई म्हणाल्या, “सोल्या, हरणाऱ्यानं फोन करायचा असतो. मॅच कुठे झाली?”

“नाहीच झाली ना!” सोलीभाऊंचा आवाज चढला. “आम्ही मुकाट्यानं तळाला जाऊन बसलो होतो तुमची वाट बघत. तुझ्या मंडळींना नेमकं तेव्हाच जिंकायचं होतं?”

“तूही बघत होतास?”

“मग काय तर. दीड वर्ष झालं, ताई. तुझं ‘अभिनंदन’सुद्धा नाही.”

“आणि हे पुस्तक? ते कुठून मिळालं तुला?”

“दर वर्षी मागवतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुझं नाव असतं.”

ग्वेनला शब्द कळत नव्हते, पण ताईंचा चेहरा कळत होता. ती उठली, तिनं दार लावून घेतलं आणि केटल चालू केली. मीही उठू लागले तर ताईंनी माझं मनगट धरून मला बसवलं.

“सोल्या,” ताई म्हणाल्या, “मी थांबायला हवं होतं. एक दिवस. देव काही रागावला नसता.”

“तू रीत पाळलीस, ताई. माझं विमान चुकलं होतं. विमानावर रागावता येत नाही, म्हणून तुझ्यावर रागावलो.”

मग त्यांनी आईबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि मी ताईंचा हात सोडवून बाहेर गेले. ग्वेननं केलेला चहा तसाच थंड झाला. दुसऱ्या दिवशी ताईंनी ऑफिसात मलिदा आणला. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि पाच तऱ्हेची फळं. त्यांच्यात नवस पुरा झाला की प्रार्थना म्हणून हा करतात. टायरच्या गोदामातल्या लोकांनीसुद्धा येऊन येऊन खाल्ला. साहेब म्हणाले, “कशाबद्दल?” ताई म्हणाल्या, “एका छपाईच्या चुकीबद्दल.” साहेबांना ब्रिटिश विनोद वाटला. पुढच्या आवृत्तीत ताईंनी त्या चुकीची दुरुस्ती स्वतःच्या नावानिशी छापली. तो हट्ट त्यांचाच.

आता भाऊ-बहीण दर रविवारी बोलतात, मॅच असो वा नसो. ‘ती मंडळी’ कितवी आली याची ताईंना हल्ली फिकीर नसते. आमची मंडळी हरली की त्या पूर्वीसारख्याच मनमोकळ्या चिडतात.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नव्हती. शेवटचं प्रूफ ताई स्वतः बघायच्या. स्वल्पविराम तिरका असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. मग आपल्याच संघाच्या नावापुढचा तो आठ सुटला कसा? इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. हा लेख लिहायला घेतल्यावर गेल्या महिन्यात मेडनहेडला जाऊन विचारलं.

ताईंनी चश्मा काढून पुसला. “सुटला कोण म्हणतं?”

“म्हणजे तुम्हाला दिसला होता?”

“दिसला की. पेन्सिल टेकवलीसुद्धा.” ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “चिठ्ठीवर हात आईसारखा चालला, तो मुद्दाम नव्हे. पण प्रुफात आठ बघितला आणि वाटलं, हा आठ चार म्हणून वाचणारा जगात एकच माणूस आहे. तो अजून माझं पान वाचतो का, तेवढं कळू दे. म्हणून पेन्सिल उचलली, आठ तसाच राहू दिला.”

“आणि त्यांनी फोन केला नसता तर?”

“तर कळलं असतं,” ताई म्हणाल्या, आणि मला चहा विचारायला उठल्या.

तीस वर्षांत ताईंनी जाणूनबुजून सोडलेली ती एकच चूक. मला त्यांच्या सगळ्या अचूक पानांपेक्षा ती जास्त प्रिय आहे.

सत्काराच्या दिवशी सोलीभाऊ अमेरिकेहून येणार आहेत, एक दिवस आधीच. त्यांना पाच मिनिटं बोलायचं आहे. ताईंचं म्हणणं, तीन पुरेत. हे भांडण स्टेजवर होईल, तेव्हा सर्वांनी वेळेवर यावं.

राहिल्या शुभेच्छा. मी ‘शतायुषी व्हा’ लिहिणार होते. ताईंनी अडवलं. “आमच्यात शंभरावर भागत नाही, एकशे वीस म्हणतात. लिहायचंच तर नीट लिही.” म्हणून, ताई, आपण दोन्ही कान, दोन्ही गुडघे आणि एकुलता एक भाऊ यांच्यासह धडधाकट राहून १२० वर्षं जगावं, अशी माझी आणि आपणा सर्वांची प्रार्थना आहे. हा आकडा मी मुद्दाम मराठीत लिहिला आहे. या ग्रंथाची इंग्रजी प्रत ग्वेन टाइप करणार आहे, आणि मराठी एक तिला इंग्रजी नऊसारखा दिसतो. तिनं नऊशे वीस छापलं, तर प्रूफ बघणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पेन्सिल उचला.